व्हेन्शेंकेर, विल्यम : रक्तविकार व पेशी-संदेशनावरील संशोधनलेखन

विल्यम व्हेन्शेंकेर हे पॅरिसजवळच्या ग्युस्ताव्ह रूसी कर्करोग संस्थेतील फ्रेंच रक्तविज्ञान संशोधक असून, पॉलिसायथेमिया व्हेरा या तांबड्या पेशी वाढवणाऱ्या रक्तविकाराच्या मुळाशी असलेले जॅक-२ जनुकातील उत्परिवर्तन २००५ साली त्यांच्या गटाने प्रसिद्ध केले. त्यांच्या शोधनिबंधांची यादी पाहिली, तर तांबड्या पेशींचा आणि प्लेटलेटचा (रक्त गोठवण्यास मदत करणाऱ्या कणांचा) असे दोन प्रवाह अनेक वर्षे शेजारी-शेजारी वाहताना दिसतात. हे दोन्ही प्रवाह २००५ च्या निबंधात एकत्र येतात, आणि म्हणून तो निबंध सुटा न वाचता आधीच्या लेखनाच्या संदर्भातच वाचायला हवा.

पॉलिसायथेमिया व्हेराचे पहिले वर्णन १८९२ साली फ्रेंच वैद्य वाके यांनी केले. या आजारात अस्थिमज्जा तांबड्या पेशी अमर्याद तयार करते, त्यामुळे रक्त दाट होते, चेहरा लालबुंद दिसतो, अंघोळीनंतर अंगाला असह्य खाज सुटते आणि रक्तवाहिन्यांत गुठळ्या होण्याचा धोका वाढतो. हा विकार, प्लेटलेट वाढण्याचा विकार आणि मज्जेत तंतू माजण्याचा विकार ही एकाच कुळातली भावंडे असावीत, असे अमेरिकेतील विल्यम डॅमेशेक यांनी १९५१ मध्ये सुचवले होते. तेव्हा त्यामागे निदानाचा अनुभव होता, पेशींतला पुरावा नव्हता.

असा पुरावा पहिल्यांदा प्रयोगशाळेतल्या बशीत दिसला. निरोगी माणसाच्या मज्जेतील पूर्वज-पेशी घट्टसर माध्यमात वाढवल्या, तर मूत्रपिंडातून येणारे एरिथ्रोपोएटिन हे संप्रेरक मिसळल्याशिवाय त्यांतून तांबड्या पेशींचे पुंजके उगवत नाहीत. रुग्णाच्या पेशींच्या बशीत मात्र हे संप्रेरक न घालताही काही दिवसांनी बारीक लालसर ठिपके दिसू लागतात. प्रखाल आणि ॲक्सेलराड यांनी १९७४ मध्ये नोंदवलेले हे निरीक्षण पुढे निदानासाठीही वापरले गेले. निकोल कासादेव्हाल आणि व्हेन्शेंकेर यांच्या १९८२ च्या निबंधात रक्तद्रवाविना केलेल्या संवर्धनातून असे दिसले, की या पेशी संप्रेरकाला कमालीच्या संवेदनशील झालेल्या असतात. म्हणजे दोष संप्रेरकात नसून ते ओळखणाऱ्या पेशीत होता.

दुसरा प्रवाह प्लेटलेट तयार करणाऱ्या मेगाकॅरिओसाइट पेशींचा आहे. मानवी मज्जेतून या पेशींचे पुंजके वाढवण्यावरील व्हेन्शेंकेर यांचा निबंध १९७९ चा आहे. या पेशी घडण्यासाठी एमपीएल हा ग्राही, म्हणजे बाहेरचा निरोप टिपणारे पेशीवरील प्रथिन, आवश्यक असतो हे १९९३ मध्ये पुढे आले, आणि त्या ग्राहीला चिकटणारा घटक रक्तातूनच प्लेटलेट-निर्मितीचे नियमन करतो, असे १९९४ च्या ‘नेचर’मधील निबंधात मांडले गेले.

एरिथ्रोपोएटिनचा ग्राही काय आणि एमपीएल काय, दोघांनाही स्वतःचे एंझाइम नसते. पेशीच्या आत त्यांना चिकटून बसलेले जॅक-२ हे एंझाइमच बाहेरचा निरोप पुढे नेते : संप्रेरक ग्राहीला बिलगले की जॅक-२ जागे होते, स्टॅट-५ सारख्या प्रथिनांना फॉस्फेट जोडते आणि केंद्रकापर्यंत वाढीचा हुकूम पोहोचतो. या प्रथिनाचा एक भाग एरवी लगाम म्हणून काम करतो. त्यातील ६१७ व्या स्थानी व्हॅलिन या अमिनो आम्लाच्या जागी फिनिलॲलानिन हे दुसरे अमिनो आम्ल आले की लगाम सैल होतो आणि निरोप आला नसतानाही हुकूम सुटत राहतो. फ्रेंच गटाला ४५ पैकी ४० रुग्णांत हाच एक बदल सापडला. केंब्रिजचा ग्रीन, बाझलचा स्कोडा आणि बॉस्टनचा गिलिलंड यांचे गटही त्याच काळात याच उत्तरापाशी पोहोचले आणि चारही निबंध थोड्याच आठवड्यांच्या अंतराने प्रसिद्ध झाले. श्रेय वाटून घ्यावे लागले तरी निष्कर्षाच्या दृष्टीने हे भाग्यच मानावे, कारण त्याची पडताळणी जन्मतःच झालेली होती.

या निबंधावरील नावांचा क्रमही पाहण्यासारखा आहे. आरंभी क्लोए जेम्स आणि व्हालेरी उगो ही तरुण संशोधकांची नावे आहेत, शेवटचे, म्हणजे प्रथेप्रमाणे गटप्रमुखाचे, नाव व्हेन्शेंकेर यांचे, आणि त्याच्या अगदी आधी, १९८२ मध्येही सोबत असलेल्या कासादेव्हाल यांचे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २००८ च्या वर्गीकरणात या उत्परिवर्तनाला निदानाचा प्रमुख निकष मानले गेले. जॅक एंझाइमांना रोखणाऱ्या रुक्सोलिटिनिब या औषधाला अमेरिकेत २०११ मध्ये मज्जा-तंतुविकारासाठी आणि २०१४ मध्ये पॉलिसायथेमियासाठी मान्यता मिळाली. त्या औषधाने प्लीहेची सूज आणि खाज कमी होते; बिघडलेल्या पेशींचा वंश मात्र सहसा टिकून राहतो.

व्हेन्शेंकेर यांच्या गटाने २००९ मध्ये रुग्णांमधील टेट-२ या आणखी एका जनुकातील बदल नोंदवले. जॅक-२ निर्दोष असलेल्या अनेक रुग्णांत कॅलरेटिक्युलिन या प्रथिनाचे जनुक बिघडलेले असते, हे २०१३ मध्ये इतर गटांनी दाखवले. असे बिघडलेले कॅलरेटिक्युलिन उंदरांत प्लेटलेट वाढवते ते एमपीएल याच ग्राहीच्या आधारे, हे व्हेन्शेंकेर यांच्या गटाच्या २०१६ च्या निबंधात आले आहे.