हौद गडद झाला: शेवाळ वाढले की पाणी आटले?

विदर्भात एप्रिल-मेमध्ये स्पिरुलिनाचा (खाण्यासाठी वाढवल्या जाणाऱ्या सूक्ष्म निळ्या-हिरव्या शेवाळाचा) उघडा हौद चार-पाच दिवसांत चांगला गडद दिसू लागतो. कारणे दोन असू शकतात. शेवाळ खरोखर वाढले असेल, किंवा पाणी उडून तेवढेच शेवाळ थोड्या पाण्यात आले असेल. डोळ्याला आणि पाण्यात बुडवून पाहायच्या पांढऱ्या तबकडीला दोन्ही सारखेच दिसतात. हिशेबात ते वेगळे ठेवले नाहीत, तर न झालेल्या वाढीची काढणी होते. मग पातळ पडलेले शेवाळ कडक उन्हात पिवळे पडते.

10 मीटर लांब, 3 मीटर रुंद हौद घ्या. पाणी 20 सेंमी, म्हणजे 6000 लिटर. सुक्या वजनाने लिटरला 0.40 ग्रॅम, एकूण 2.4 किलो शेवाळ. रोज 8 मिमी पाणी उडाले, तर दिवसाला 240 लिटर जाते आणि पाच दिवसांनी 4800 लिटर उरते. शेवाळ कणभरही वाढले नाही तरी घनता 0.50 होते. रोजची जवळपास साडेचार टक्के वाढ नुसती भासते. खोली 10 सेंमीच असेल तर हा भास दुपटीहून जास्त.

म्हणून वाढीचा अंदाज काढणाऱ्या हिशेबात, म्हणजे मॉडेलमध्ये, दोन खाती लागतात. खोलीच्या खात्यात बाष्पीभवन वजा, पाऊस आणि भरलेले पाणी जमा. शेवाळाच्या खात्यात वाढ जमा, काढणी वजा. बाष्पीभवनाला तिथे जागाच नाही. घनता शेवटी काढायची: एकूण शेवाळ भागिले त्या दिवसाचे पाणी. दाट हौदात ऊन वरच्या थरातच संपते, त्यामुळे वाढ टक्क्यांत न धरता दर चौरस मीटरला रोज किती ग्रॅम अशी धरावी.

दोन्ही खात्यांना ऊन लागते, म्हणून एकाच आकड्यावरून दोन्ही काढायचा मोह होतो. नवतपात, म्हणजे मे अखेरच्या सर्वांत तापणाऱ्या नऊ दिवसांत, तो अंगाशी येतो. कोरडा, गरम वारा पाणी ओढतच राहतो, पण हौदाचे पाणी 40 अंशांच्या वर गेले की स्पिरुलिनाची वाढ खुंटते. तिला 35 अंशांच्या आसपास मानवते. पावसाळ्यात उलटे: 20 सेंमी पाण्यावर 40 मिमी पाऊस पडला की घनता सहाव्या हिश्शाने घसरते आणि शेवाळ मेल्यासारखे वाटते, पण हौद वाहिला नसेल तर ते सगळे आतच असते.

मोजणी रोज सकाळी, पाणी भरण्याआधी. पाणी ढवळणारे पॅडल थांबवा, खाली भोक पाडलेल्या पीव्हीसी पाइपात पट्टी धरून खोली वाचा. पाइपात लाटा येत नाहीत. मग खुणेपर्यंत पाणी भरा, तासभर ढवळू द्या आणि नंतरच नमुना घ्या. खोली रोज तीच ठेवली की दोन दिवसांची घनता थेट ताडून पाहता येते. सुके वजन काढताना गाळलेले शेवाळ थोड्या गोड्या पाण्याने धुवा. लिटरला 10 ग्रॅम क्षार असलेले 2 मिली पाणी गाळणकागदावर राहिले तर 20 मिलिग्रॅम मीठ शेवाळात मोजले जाते. अर्धा लिटर नमुन्यात शेवाळच 200 मिलिग्रॅम असताना ही 10 टक्के चूक आहे.

पट्टी अपेक्षेपेक्षा जास्त उतरली तर गळती तपासा. हौदाचेच पाणी भरलेला टब हौदात तरंगत ठेवा. 24 तासांत टबात 8 मिमी आणि हौदात 12 मिमी घट दिसली, तर 4 मिमी तळातून जात आहेत. गळतीबरोबर शेवाळही जाते, म्हणून ती दोन्ही खात्यांत वजा करायची.

बोअरच्या पाण्याचा प्रश्न वेगळा, आणि अकोला-अमरावती-बुलडाण्याच्या खारपाणपट्ट्यात (जिथे भूजलच खारे आहे) तर फारच गंभीर. पाणी उडते, क्षार मागे राहतात. रोज 8 मिमी भरले तर 25 दिवसांत अख्ख्या हौदाइतके पाणी ओतले जाते. त्यात लिटरला 1.5 ग्रॅम क्षार असतील, तर हौदातही लिटरमागे तेवढे वाढतात. हौदाच्या पाण्याचा सामू (pH) 10 च्या आसपास असल्याने कॅल्शियम-मॅग्नेशियम पांढऱ्या साक्याच्या रूपात बसतात, फॉस्फेटही सोबत ओढतात आणि वाळवलेल्या शेवाळाच्या भुकटीत राखेचे, म्हणजे खनिजांचे, प्रमाण चढते. शेततळ्यात पावसाचे पाणी साठवले असेल तर उन्हाळ्यातल्या भरणीसाठी ते गाळून राखून ठेवा. ऐन दुपारी शेडनेट ओढल्यास बाष्पीभवन आणि पाण्याची उष्णता दोन्ही कमी होतात. मात्र त्या दिवसांचे ऊनही मॉडेलमध्ये तेवढेच कमी धरा.