नर्सिंग, सोशल वर्क आणि संशोधन : अमेरिकेतल्या आरोग्य व मानवसेवा महाविद्यालयांची पार्श्वभूमी

अमेरिकेतल्या विद्यापीठांत ‘हेल्थ अँड ह्यूमन सर्व्हिसेस’ महाविद्यालय म्हटलं की नर्सिंग, सोशल वर्क, सार्वजनिक आरोग्य, फिजिकल थेरपी, वाचा-श्रवण उपचार असे विभाग एका छताखाली येतात. कुठे पोषणशास्त्र, कुठे ऑक्युपेशनल थेरपीही असते. इथले प्राध्यापक वर्गात शिकवतात, विद्यार्थ्यांना रुग्णालयांत आणि सेवासंस्थांत कामाला पाठवतात आणि संशोधन करतात. बहुतेक विभागांत संशोधन सगळ्यांत शेवटी आलं, कारण ते मुळात सेवेसाठी माणसं तयार करायला निघाले होते. म्हणून संशोधनाला लागणारा वेळ, पैसा आणि नियम त्यांना एकेक करून बाहेरून मिळत गेले. नवा सहायक प्राध्यापक आज ज्या समित्यांशी आणि टक्केवाऱ्यांशी झगडतो, त्यातल्या बऱ्याचशांच्या मागे एखादी नेमकी घटना सापडते.

सोशल वर्कमधलं पाहणीचं काम मात्र हा विषय विद्यापीठात येण्याच्याही आधीचं. शिकागोच्या हल हाउस या गरीब वस्तीतल्या सेवाकेंद्रात समाजसुधारक फ्लॉरेन्स केली आणि तिच्या सहकाऱ्यांनी १८९३ मध्ये आसपासच्या वस्तीत घरोघर जाऊन माहिती गोळा केली. कुटुंब कोणत्या देशातून आलं आणि आठवड्याला किती कमावतं, हे त्यांनी रंगीत नकाशांवर मांडलं आणि १८९५ मध्ये प्रसिद्ध केलं. आज ज्याला समाजासोबतचं संशोधन म्हणतात, त्याचं एक मूळ या नकाशांत आहे. १९२० मध्ये शिकागोतली समाजकार्याची स्वतंत्र शाळा शिकागो विद्यापीठात सामील झाली. सोशल वर्कचं शिक्षण म्हणजे नुसती उमेदवारी नव्हे, आकडेवारी, कायदा आणि सामाजिक धोरण त्यात आलंच पाहिजे, हा तिथल्या प्राध्यापक एडिथ अॅबट आणि सोफोनिस्बा ब्रेकिनरिज यांचा आग्रह होता. त्याला कारणही होतं. वैद्यकीय शिक्षणावरच्या १९१० च्या अहवालामुळे गाजलेल्या अब्राहम फ्लेक्सनरने १९१५ मध्ये बाल्टिमोरच्या परिषदेत सोशल वर्क हा अजून पूर्ण अर्थाने व्यावसायिक पेशा नाही, असं सांगितलं होतं. स्वतःचं असं शिकवता येण्याजोगं तंत्र त्याच्याकडे नाही, हा त्याचा एक मुख्य आक्षेप. तो खोडून काढायचा तर पुरावा लागणार होता.

नर्सिंगची वाट वेगळी होती. शिक्षण रुग्णालयाच्या शाळेत चाले आणि विद्यार्थिनी म्हणजे वॉर्डातले बिनपगारी हात. १९२३ च्या गोल्डमार्क अहवालाने हे शिक्षण रुग्णालयाच्या गरजांपासून सोडवावं आणि विद्यापीठाशी जोडावं, असं सुचवलं. प्रत्यक्षात रुग्णालयांच्या शाळा पुढे कित्येक दशकं टिकल्या. नर्सिंगच्या संशोधनाला वाहिलेलं स्वतंत्र नियतकालिक निघालं ते १९५२ मध्ये. १९६२ मध्ये नर्सना पीएच.डी. करता यावी म्हणून खास सरकारी कार्यक्रम सुरू झाला. तेव्हा नर्सिंगमध्ये डॉक्टरेटची सोय फारच थोड्या ठिकाणी होती, म्हणून अनेकींनी ती शरीरक्रियाशास्त्र, समाजशास्त्र, मानवशास्त्र अशा विषयांत केली. नर्सिंग संशोधनात प्रयोगशाळा आणि मुलाखत दोन्ही पद्धती रुळण्यामागे हे एक कारण आहे.

पैशाचं चित्र दुसऱ्या महायुद्धाने पालटलं. १८८७ मध्ये स्टेटन बेटावरच्या एका खोलीत सुरू झालेली प्रयोगशाळा १९३० मध्ये राष्ट्रीय आरोग्य संस्था, म्हणजे एनआयएच, झाली. १९४४ च्या कायद्याने तिला बाहेरच्या संशोधकांना अनुदान देण्याचा व्यापक अधिकार मिळाला. १९४७ मध्ये ८० लाख डॉलर असलेलं तिचं बजेट १९६६ मध्ये १ अब्जाच्या वर गेलं. त्याच १९६६ मध्ये रुग्णसेवेतल्या इतर सहायक शाखांच्या शिक्षणासाठी स्वतंत्र कायदा झाला आणि त्या शाखांचे विभाग विद्यापीठांत वाढू लागले. हा पैसा प्रशिक्षणासाठी होता. संशोधनाचा ओघ वैद्यकीय महाविद्यालयांकडेच राहिला. नर्सिंगसाठी एनआयएचमध्ये स्वतंत्र केंद्र १९८६ मध्ये उभं राहिलं, तेही राष्ट्राध्यक्ष रेगन यांचा नकाराधिकार काँग्रेसने मोडून काढल्यावर. १९९३ मध्ये त्याला पूर्ण संस्थेचा दर्जा मिळाला. महाविद्यालयांच्या नावातली जोडी सरकारी खात्याच्या नावात आली ४ मे १९८० ला. शिक्षण वेगळं काढल्यावर जुन्या ‘आरोग्य, शिक्षण व कल्याण’ खात्याचं ‘आरोग्य व मानवसेवा’ खातं झालं.

ज्या विद्यापीठांत अध्यापनच प्रमुख आहे, त्यांना एनआयएचची १९८५ पासूनची आर१५ ही अनुदान योजना सर्वांत उपयोगी पडली. एनआयएचकडून वर्षाला ६० लाख डॉलरपेक्षा जास्त निधी सातत्याने मिळवणाऱ्या संस्थांना ती बंद आहे आणि विद्यार्थ्यांना खरोखर संशोधनात घेणं ही तिची अट आहे. अर्ज इथेच फसतात. विद्यार्थ्याला फक्त माहिती संगणकात भरायला बसवलेलं दिसलं की परीक्षक गुण कापतात. कोणता विद्यार्थी कोणत्या टप्प्यावर काय करेल, विश्लेषणात त्याचा वाटा काय, हे लिहावं लागतं.

मिळालेल्या अनुदानात अप्रत्यक्ष खर्चाचा, म्हणजे इमारत, वीज, ऑफिसातले कर्मचारी अशा सामायिक खर्चाचा, भाग असतो आणि त्यावरून बराच गैरसमज होतो. दर ५० टक्के असेल तर विद्यापीठ निम्मा पैसा घेतं, असं नाही. १,००,००० डॉलरच्या प्रत्यक्ष खर्चावर ५०,००० वर चढतात, एकूण १,५०,००० होतात आणि त्यात विद्यापीठाचा वाटा एक तृतीयांश येतो. तोही सगळ्या खर्चावर नाही. विद्यार्थ्यांची फी आणि महागडी उपकरणं या हिशेबातून वगळलेली असतात. १९९१ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठाने एका नौकेचा खर्चही यात धरल्याचं उघड झालं. त्याच वर्षी प्रशासकीय खर्चाच्या भागावर २६ टक्क्यांची मर्यादा आली. आज विभागाच्या ऑफिसातल्या कर्मचाऱ्याचा पगार प्रकल्पात दाखवताना जी कटकट होते, तिचा या हिशेबाशी थेट संबंध आहे.

पैशापेक्षा खोल परिणाम टस्कीगी इथल्या सिफिलिसच्या अभ्यासाचा झाला. १९३२ ते १९७२ या काळात सरकारी आरोग्य सेवेने अलाबामात सिफिलिस झालेल्या ३९९ आणि न झालेल्या २०१ कृष्णवर्णीय पुरुषांवर नजर ठेवली. त्यांना आजाराचं खरं नाव सांगितलं नाही आणि पेनिसिलिन सर्रास मिळू लागल्यावरही ते दिलं नाही. या पुरुषांशी वर्षानुवर्षं संपर्क ठेवणारी व्यक्ती एक नर्स होती, युनिस रिव्हर्स. लोकांचा नर्सवरचा विश्वास हाच त्या अभ्यासाचा आधार ठरला. सेवाक्षेत्रातल्या संशोधकाने ही गोष्ट विसरता कामा नये. ज्या नात्यामुळे आपल्याला लोकांच्या घरात प्रवेश मिळतो, त्याच नात्यामुळे त्यांना ‘नाही’ म्हणणं जड जातं.

संशोधनात सहभागी होणाऱ्या माणसांच्या संरक्षणासाठी झालेला १९७४ चा कायदा, त्यामागची नैतिक तत्त्वं मांडणारा १९७९ चा बेलमाँट अहवाल आणि अनेक सरकारी खात्यांनी स्वीकारलेले १९९१ चे सामायिक नियम यांतून आजची आयआरबी, म्हणजे संशोधनाची नैतिक तपासणी करणारी समिती, घडली. तिच्यात किमान ५ सदस्य लागतात. एक तरी विज्ञानाबाहेरचा आणि एक तरी संस्थेशी संबंध नसलेला हवा. नेहमी अडतं ते स्वतःच्याच विद्यार्थ्यांना अभ्यासात घेताना. प्राध्यापकाने वर्गात प्रश्नावली वाटली तर संमती खरी कितपत? म्हणून संमती दुसऱ्याने घ्यायची आणि कोण सहभागी झालं हे निकाल लागेपर्यंत प्राध्यापकाला कळू द्यायचं नाही, अशी रीत आहे. दुसरी चूक म्हणजे मंजुरीनंतर प्रश्नावलीत दोन प्रश्न वाढवणं. बदल कितीही छोटा असो, आधी समितीकडे दुरुस्ती पाठवावी लागते, नाहीतर त्या प्रश्नांची उत्तरं वापरणं अवघड होऊन बसतं. मुलाखतीत मुलाच्या छळाची माहिती आली तर राज्याच्या कायद्यानुसार ती कळवावी लागू शकते. हे संमतीपत्रातच आधी लिहिलेलं असावं. २०१९ पासून लागू झालेल्या सुधारित नियमांनुसार संमतीपत्राच्या सुरुवातीलाच मुख्य माहिती थोडक्यात द्यायची असते. तरीही कित्येक पत्रं अजून कायदेशीर मजकुरानेच सुरू होतात.

वेळेचा प्रश्न आजही सुटलेला नाही. दर सत्राला ४ विषय शिकवणाऱ्या प्राध्यापकाचा एक विषय म्हणजे वर्षाच्या अध्यापनाचा आठवा भाग, १२.५ टक्के. अनुदानातून तेवढा पगार भरून विषय सोडता येतो, पण सोडलेला विषय शिकवायला परवानाधारक माणूस मिळाला पाहिजे. सोशल वर्कच्या पदव्युत्तर विद्यार्थ्याला किमान ९०० तास क्षेत्रकार्य करावं लागतं. त्याची देखरेख कुणाच्याही संशोधनासाठी थांबत नाही. त्यात फिजिकल थेरपीसारख्या शाखांत क्लिनिकल डॉक्टरेट आली. ती उत्तम उपचारतज्ज्ञ घडवते, पण स्वतंत्र संशोधन शिकवत नाही. अशा पदवीवर आलेल्या प्राध्यापकाला टेन्यूअर, म्हणजे कायम नेमणूक, मिळवायच्या वर्षांतच संख्याशास्त्र आणि अर्जलेखन शिकावं लागतं, आणि हे त्याच्यावर अन्यायाचं आहे.

शिक्षणतज्ज्ञ अर्नेस्ट बॉयर यांनी १९९० मध्ये विद्वत्तेचे शोध, समन्वय, उपयोजन आणि अध्यापन असे चार प्रकार मांडले. या महाविद्यालयांना ती मांडणी जवळची वाटणं साहजिक होतं, कारण इथलं बरंच काम उपयोजनात बसतं. व्यवहारात मात्र बढतीच्या फाइलमध्ये शोधनिबंध आणि बाहेरून आणलेला निधीच वजनदार ठरतो. एखाद्या संस्थेसोबत दोन वर्षं बसून तपासणीची पद्धत बदलली तर तिचं मोजमाप कसं करायचं, हे विभागाच्या नियमावलीत स्पष्ट लिहिलेलं नसेल, तर त्या फाइलचं काय होईल हे समितीत कोण बसलंय त्यावर ठरतं.

अगदी अलीकडचा थर माहिती खुली करण्याचा. २५ जानेवारी २०२३ पासून एनआयएचच्या अर्जासोबत विदा (डेटा) जपण्याची आणि इतरांना देण्याची योजना जोडावी लागते. छोट्या वस्तीत काम करणाऱ्यांची यात खरी कसोटी आहे. आरोग्याच्या गोपनीयतेच्या नियमांत १८ प्रकारच्या ओळखखुणा काढण्याची पद्धत आहे. ८९ च्या वरची वयं एकत्र करायची. पिनकोडचे पहिले ३ अंकच ठेवायचे आणि त्या अंकांच्या भागात २०,००० किंवा त्याहून कमी लोक राहत असतील तर त्यांच्या जागी शून्यं घालायची. पण ४० जणांच्या अभ्यासात व्यवसाय, मुलांची संख्या आणि आजार एवढं कळलं तरी शेजारी माणूस ओळखतो. तेव्हा असे रकाने एकत्र करावे लागतात किंवा विदा मर्यादित परवानगीनेच द्यावी लागते, आणि ते संमतीपत्र लिहितानाच ठरवून ठेवावं लागतं.