एका लॅपटॉपमधले दोन जीपीयू

सोलापुरात अशोक चौकाजवळ बहिणीचं घर आहे. मागच्या कारखान्यात यंत्रमागांचा खडखडाट दिवसभर चालूच. तिथं भाच्याने मला लॅपटॉपवर टास्क मॅनेजर, म्हणजे कोणता भाग किती काम करतोय ते दाखवणारी विंडोजमधली खिडकी, उघडून दाखवला. “मामा, जीपीयू ० आणि जीपीयू १. गेम खेळताना पहिला जवळजवळ रिकामाच असतो. दोघांना एकत्र जुंपता येत नाही का?”

प्रश्न रास्त आहे. जीपीयू म्हणजे स्क्रीनवरचं चित्र तयार करणारी चिप. ० म्हणजे प्रोसेसरमध्येच असलेला इंटिग्रेटेड जीपीयू, १ म्हणजे स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड. एनव्हिडिया आणि एएमडी या जीपीयू बनवणाऱ्या दोन्ही कंपन्यांनी २००८ मध्ये अशी जोडी जमवून पाहिली होती. नेहमीची पद्धत अशी की एक फ्रेम, म्हणजे हलत्या दृश्यातलं एक चित्र, याने काढायची, पुढची त्याने.

इथंच हिशोब फसतो. समजा, कार्डाला एका फ्रेमला २० मिलिसेकंद लागतात, म्हणजे सेकंदाला ५० फ्रेम. इंटिग्रेटेडला १०० मिलिसेकंद लागतात. आलटून पालटून काम दिलं, तर १०० मिलिसेकंदांत जेमतेम दोन फ्रेम तयार होतात, म्हणजे सेकंदाला २०. एकट्या कार्डाच्या निम्म्याहूनही कमी! एकाच चादरीत एक धागा चपळ विणकराने टाकायचा आणि दुसरा नवशिक्याने, असं ठरवलं तर चपळ माणूस दर वेळी हात बांधून उभा राहणार. म्हणून एएमडीची जोडी जमायची ती साधारण सारख्या ताकदीच्या, स्वस्त कार्डांशीच. आणि तिथंही फ्रेम समान अंतराने न आल्यामुळे चित्र अडखळायचं.

मला खरी हुशारीची वाटते ती डायरेक्टएक्स १२ ची, म्हणजे गेम ज्यामार्फत जीपीयूला काम सांगतो त्या मायक्रोसॉफ्टच्या सॉफ्टवेअरची, वाट. चादर मागावरच विणायची, पण दशा वळायला दुसऱ्याकडे द्यायची, तशी ही कामाची वाटणी. कार्डाने दृश्य रंगवायचं, शेवटचे संस्कार इंटिग्रेटेडने करायचे, आणि तोवर कार्डाने पुढची फ्रेम हातात घ्यायची. २०१५ मध्ये मायक्रोसॉफ्टने दाखवलेल्या प्रात्यक्षिकात वेग सेकंदाला ३५.९ वरून ३९.७ फ्रेमवर गेला. फायदा साधारण दहा टक्के, पण खरा. मात्र ही वाटणी प्रत्येक गेम बनवणाऱ्याला स्वतः लिहावी लागते. एवढ्याशा लाभासाठी ती मेहनत फार थोड्यांनी घेतली.

शिवाय लॅपटॉपमध्ये प्रोसेसर आणि कार्ड यांची उष्णता बहुतेक वेळा त्याच तांब्याच्या नळ्या वाहून नेतात. मे महिन्यात सोलापूरचा पारा चाळिशीपार असताना इंटिग्रेटेडला राबवलं, तर तापलेलं कार्डच आपला वेग उतरवतं.

तरी इंटिग्रेटेड अगदी रिकामा नसतो. बऱ्याच लॅपटॉपमध्ये कार्डाने काढलेली फ्रेम इंटिग्रेटेडमार्फतच स्क्रीनवर पोहोचते. आणि व्हिडिओ रेकॉर्ड करण्यासाठी त्याच्यात वेगळं सर्किट असतं, जे फारसं तापत नाही. भाचा खेळताना रेकॉर्डिंग करतो, ते सगळं कार्डावर चालू होतं. सेटिंगमध्ये जाऊन आम्ही ते इंटेलच्या क्विक सिंकवर, म्हणजे इंटिग्रेटेडमधल्या त्याच सर्किटवर, टाकलं, पुन्हा गेम सुरू केला, आणि जीपीयू ० चा सपाट आलेख हळूहळू वर चढू लागला.