भरलेल्या टाकीपेक्षा उपसलेली टाकी घातक

युद्धपटात पेट्रोलच्या टाकीत एक गोळी शिरते आणि अख्खं जहाज उडतं. प्रत्यक्षात काठोकाठ भरलेली टाकी त्यामानाने शांत असते. घात करते ती नुकतीच उपसलेली.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी आरमाराचे पटाप्स्को वर्गातले टँकर पॅसिफिकमधल्या बेटांवर विमानांचं पेट्रोल पोचवायचे आणि तिथे टाक्या उपसताना हाच धोका पत्करायचे. लांबी जेमतेम ३१० फूट, वेग १४ नॉट (ताशी सुमारे २६ किलोमीटर). त्यांतले १८ कार्गिल या धान्यव्यापारी कंपनीने मिनेसोटा नदीकाठी बांधले आणि मिसिसिपीतून समुद्रात उतरवले!

पेट्रोल द्रवरूपात जळत नाही, जळते त्याची वाफ, तीही हवेत साधारण १.४ ते ७.६ टक्के असेल तरच. त्याहून कमी असेल तर इंधन अपुरं, जास्त असेल तर ऑक्सिजन अपुरा. उष्ण कटिबंधातल्या बंद टाकीत हे प्रमाण ३० टक्क्यांच्या वर जातं, म्हणजे ठिणगी पडली तरी आत पेट घेत नाही. पण पंप सुरू झाला की पातळी उतरते, झडपेतून ताजी हवा आत ओढली जाते आणि मिश्रण पातळ होत होत नेमकं त्या पट्ट्यात येतं. लिटरभर पेट्रोलची पुरती वाफ झाली, तर सुमारे १२ घनमीटर हवा स्फोटक होते.

'ताइहो' या जपानी विमानवाहू नौकेचं हेच झालं. १९ जून १९४४ ला टॉर्पेडोने तिच्या पेट्रोलच्या टाक्या गळू लागल्या. वाफ घालवायला पंखे पूर्ण वेगाने लावले, त्यांनी ती जहाजभर पातळ करून पसरवली. सुमारे सहा तासांनी स्फोट झाला.

म्हणून पेट्रोल उतरवताना शिस्त कडक: विडी-सिगारेट बंद, झडपांच्या तोंडाशी ज्वाला अडवणारी बारीक जाळी, सुरुवातीला पंप हळू. पेट्रोल विजेचं दुर्वाहक असल्याने जोराच्या प्रवाहात स्थिर विद्युतभार साठतो. तो वाहून जावा म्हणून आधी जोडतार (टँकर आणि समोरची टाकी यांना जोडणारी धातूची तार) लावायची, मग नळी. काढताना उलट क्रम. (टँकरला लिंबू-मिरची बांधणाऱ्यांनी तारही विसरू नये.)

टाकी धुतल्यावरही वायुमापकाची नळी तळापर्यंत सोडायची, कारण ही वाफ हवेपेक्षा तिपटीहून जड असते. शिवाय गंजाच्या पापुद्र्यांत मुरलेलं पेट्रोल हळूहळू सुटतं, त्यामुळे सकाळी 'सुरक्षित' ठरलेली टाकी दुपारी पुन्हा मोजल्याशिवाय आत माणूस उतरवायचा नाही.