कोपऱ्यावर उभा राहिलेला चौरस

दिवाळीच्या सुट्टीत शिवाजी पेठेत ताईकडं गेलो होतो. भाचा तिसरीत आहे. पिवळ्या क्राफ्ट पेपरचा एक चौरस कापून त्याच्यापुढं धरला आणि विचारलं, "हे काय?"

"चौरस."

कागद बोटांत तसाच फिरवून कोपऱ्यावर उभा केला. "आणि आता?"

"आता शंकरपाळी झाली की, मामा!"

"मग मघाचा चौरस गेला कुठं?"

"तुम्ही फिरवलासा की!"

ताई हसली, पण पोराचं फार चुकलं नव्हतं. कोपऱ्यावर उभा केलेला चौरस वेगळीच आकृती वाटतो, हे भौतिकशास्त्रज्ञ अर्न्स्ट माख यांनी १८८६ मध्येच लिहून ठेवलंय. बाजू त्याच, कोन तेच, तरी डोळा ऐकत नाही. का?

आकृती दिसली की मेंदू आधी तिला वर-खाली ठरवून देतो. माणसं, झाडं, भिंती, सगळं जग गुरुत्वाकर्षणाच्या ओळंब्यात उभं असतं, म्हणून ही सवय. मग त्या उभ्या रेषेच्या दोन्ही अंगांना काय काय जुळतं ते तो बघतो. चौरस सपाट ठेवलात तर मधली उभी रेषा बाजूंच्या मध्यांतून जाते आणि वर्णन तयार होतं: 'वर-खाली आडव्या बाजू, डावी-उजवीकडं उभ्या.' कोपऱ्यावर उभा केलात तर तीच रेषा दोन शिरोबिंदूंतून जाते आणि वर्णन बदलतं: 'वर टोक, खाली टोक, दोन्ही अंगांना टोक.' चौरसाला सममितीचे अक्ष, म्हणजे घडी घातली की दोन सारखे भाग पडतात अशा रेषा, चार. चारही कायम हजर असतात, पण उभा असलेला भाव खातो. भाच्याला म्हटलं, कागदाची घडी घालून दोन सारखे भाग कर. सपाट धरलेल्या कागदाची त्यानं मधोमध घडी घातली, कोपऱ्यावर धरलेल्याची टोकाला टोक जुळवून. कागद एकच!

याहून गंमतीचा प्रयोग तुम्ही घरी करा. सारखे पाच-सहा चौरस कापा आणि सगळे कोपऱ्यावर उभे करून एका आडव्या ओळीत मांडा. शंकरपाळ्या दिसतील. आता तेच, तसेच कोपऱ्यावर उभे, पण ओळ तिरकी करा, ४५ अंशांत. बघता बघता ते पुन्हा चौरस दिसायला लागतात. एकही कागद फिरवलेला नाही, फिरली ती ओळ. म्हणजे वर-खाली कुठलं हे मेंदू फक्त गुरुत्वाकर्षणाला विचारत नाही, शेजाऱ्यांनाही विचारतो. याला संदर्भचौकट म्हणतात, आणि माझ्या मते प्राथमिक भूमितीतली निम्मी अडचण इथंच आहे. फळ्यावरचा चौरस नेहमी सपाट बसलेला, त्रिकोण नेहमी पायावर उभा. पोरं आकृतीबरोबर तिची बैठकही पाठ करतात. मग उलटा त्रिकोण दाखवला की "हा त्रिकोण न्हाई" म्हणतात.

यावर उपाय म्हणून मला अमूर्त चित्रं आवडतात. आपल्या कलापुरात, म्हणजे कोल्हापुरात, चित्र म्हटलं की आबालाल रहिमान, बाबूराव पेंटर. जसं आहे तसं उतरवणारी परंपरा. रेघा आणि रंगांचे चौकोन दाखवले की "ह्यात काय कळतंय?" असा सूर लागतो. पण नेमकं तेच हवं आहे! निसर्गचित्रातल्या त्रिकोणाचा लगेच डोंगर होतो आणि डोंगर उलटा टांगता येत नाही. अमूर्त चित्रातला त्रिकोण त्रिकोणच राहतो.

डच चित्रकार पीट मोंद्रियान (१८७२–१९४४) तिरक्या रेघा टाळायचा, सगळं आडवं-उभं. पण काही चित्रांत त्यानं चौरस कॅनव्हासच कोपऱ्यावर टांगला. असं त्याचं शेवटचं, अपुरं राहिलेलं चित्र आहे 'व्हिक्टरी बूगी वूगी'. बाजू सुमारे १२७ सेंटीमीटर, म्हणजे टोकापासून टोकापर्यंत १.४१४ पट, जवळजवळ १८० सेंटीमीटर.

आम्ही चौरस कागद कोपऱ्यावर ठेवून त्यावर काळ्या पट्ट्या आडव्या-उभ्या चिकटवल्या. कडेच्या टोकांपाशी त्रिकोण तयार झाले. चौरसाचा कोपरा काटकोनाचा आणि पट्टी कडेला ४५ अंशांत छेदणारी, म्हणजे प्रत्येक त्रिकोण काटकोनी आणि समद्विभुज. मग कागद फिरवून सपाट केला. आता कडा सरळ आणि पट्ट्या तिरक्या! तिरकेपणा कडेवरून उठून आत गेला. पट्टी आणि कड यांच्यातला कोन मात्र जागचा हलला नाही. भाच्यानं तो पाच वेळा फिरवून तपासला, माझ्यावर विश्वास नव्हता.

मोंद्रियान १९०९ मध्ये थिऑसॉफिकल सोसायटी या गूढवादी संस्थेत गेला होता आणि आडव्या-उभ्या रेघांत त्याला गूढ विश्वतत्त्व दिसायचं. ते त्याचं त्याला लखलाभ. आपल्याला चित्र पुरे, तत्त्व नको. तसंच, कलेनं 'उजवा मेंदू जागृत' करून देणाऱ्या क्लासांच्या जाहिराती दिसल्या तर पैसे खिशातच ठेवा. एक बाजू कलेची आणि दुसरी गणिताची, अशी मेंदूची वाटणी झालेली नाही.

'चौरसासारखा दिसतो म्हणून चौरस' ही पहिली पायरी आणि 'बाजू सारख्या, कोन काटकोन म्हणून चौरस' ही पुढची, असं पियरे आणि दीना व्हॅन हिले या डच शिक्षक दाम्पत्यानं १९५७ च्या सुमारास मांडलं. पहिल्या पायरीवरून दुसऱ्या पायरीवर पोर कसं चढतं ते मात्र समोर बघावं लागतं.

संध्याकाळी फराळाच्या ताटातली शंकरपाळी भाच्यानं उचलली आणि दोऱ्यानं चारही बाजू मोजल्या. भरल्या सारख्याच. मग वहीचा कोपरा तिच्या टोकाला लावला. बसेना, टोक निमुळतं होतं.

"मामा, ही चौरस न्हाई. फिरवली तरी न्हाई."

"मोजून झालं असेल तर खा आता," ताई म्हणाली. तोवर त्यानं दुसरी उचलली होती.