ताब्याच्या भांडणात घर बघायला कोण जातं?

मुलाच्या ताब्यासाठी आईबापांनी दिलेली दोन प्रतिज्ञापत्रं शेजारी ठेवून वाचावीत. मजकूर बहुतेक सारखाच: डबा मीच करते, दप्तर मीच भरतो, तापात रात्रभर मीच जागते, समोरच्याचं मुलाकडे लक्षच नाही. मूल झोपतं कुठे, वर्गशिक्षिकेचं नाव दोघांपैकी कुणाला सांगता येतं, आजी त्याच्या कानात काय भरवते, हे कागदावरून कळत नाही. त्यासाठी कुणाचंही वकीलपत्र न घेतलेला माणूस घरी जाऊन यावा लागतो. हा माणूस आपल्याकडे बराच उशिरा आला, आणि आला तोही दुसऱ्याच कामासाठी.

१८९० च्या पालक व पाल्य कायद्यात मुलाचं हित हा शब्द होता. पण बाप हयात आणि लायक असेल तर दुसरा पालक नेमायचा नाही, असंही त्यातच लिहिलेलं. हक्क बापाचा हे ठरलेलंच असेल तर घर बघायला जायचं कशाला? १९५६ च्या हिंदू कायद्यानेही नैसर्गिक पालक म्हणून आधी बाप आणि 'त्याच्यानंतर' आई धरली. पाच वर्षांखालचं मूल मात्र सहसा आईकडे ठेवलं आणि मुलाचं हित सगळ्यात वर मानलं. मुलं म्हणजे आईबापांच्या मालकीची चीजवस्तू नव्हे, असं सर्वोच्च न्यायालयाने १९७३ साली सुनावलं. बापाचा हक्क असा पातळ होत गेला, तसं प्रत्येक घर वेगळं तपासणं भाग पडलं.

इंग्लंडमध्ये डेनिंग समितीने १९४७ साली घटस्फोटाच्या न्यायालयांत मुलांसाठी कल्याण अधिकारी नेमायची शिफारस केली. हे काम तिथल्या प्रोबेशन खात्याकडे गेलं, म्हणजे एरवी गुन्हेगारांवर नजर ठेवणाऱ्यांकडे! २००१ साली त्यासाठी स्वतंत्र संस्था झाली.

आपल्याकडे सुरुवात केली समाजसेविका दुर्गाबाई देशमुखांनी. १९५३ साली चीनच्या दौऱ्यात त्यांनी तिथली कौटुंबिक न्यायालयं पाहिली आणि परतल्यावर नेहरूंपुढे तसा प्रस्ताव ठेवला. कायदा व्हायला १९८४ उजाडलं, मुंबई-पुण्यात न्यायालयं सुरू झाली ती १९८९ मध्ये. या कायद्याचा सगळा ओढा मात्र समेटाकडे. समुपदेशक नेमले ते मोडणारे संसार सांधायला.

मुलाच्या घरची चौकशी त्यांच्याकडे आली ती महाराष्ट्राच्या नियमांतून. घरातलं वातावरण, आईबापांचे स्वभाव, मुलाशी त्यांचं नातं यांवर न्यायालय समुपदेशकाकडून अहवाल मागवू शकतं. ताबा दिल्यावरही तो न कळवता घरी जाऊन थडकू शकतो. माझ्या मते नियमांतली ही सगळ्यात शहाणी तरतूद. भेट आधी ठरलेली असली की चादरीसुद्धा नव्या घातलेल्या असतात.

पण इथेच एक पेच आहे. समेटासाठी बसलेल्या बाईने समुपदेशकाला विश्वासाने सांगितलं की कधीकधी माझा हात उठतो, तर ते गुप्त राहायला हवं. उद्या त्याच समुपदेशकाला ताब्याचा अहवाल लिहायचा असेल तर? एका माणसाच्या डोक्यावर दोन टोप्या घातल्या की असंच होणार. दिल्लीतल्या एका खटल्यात उच्च न्यायालयाने समुपदेशकाचा अहवाल बाजूला ठेवला. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवला. ताब्याच्या प्रकरणात मुलाबद्दलचे असे अहवाल न्यायालयाला वाचता येतात, गुप्ततेला इथे अपवाद आहे, असं ठरलं. मुलाच्या बाजूने पाहिलं तर निकाल बरोबरच वाटतो. पण आता कुठलाही सावध वकील अशिलाला समुपदेशकाच्या खोलीत पाठवण्याआधी दारातच सांगणार, "आत जपून बोला."