मानव-रोबो सहकार्य

माणूस आणि रोबो यांनी एकाच जागेत, एकमेकांच्या हालचालींचा अंदाज घेत एकच काम करणे म्हणजे मानव-रोबो सहकार्य. माणसाने बटण दाबायचे आणि यंत्राने ठरलेली हालचाल करायची, एवढ्याला सहकार्य म्हणता येत नाही.

पहिला औद्योगिक रोबो 'युनिमेट' 1961 मध्ये न्यू जर्सीतील जनरल मोटर्सच्या कारखान्यात साच्यातून निघालेले तापलेले सुटे भाग उचलू लागला. पुढे कित्येक दशके असे रोबो कुंपणाआड राहिले, आणि ते योग्यच होते. आपल्या वाटेत कोण आले आहे हे त्यांना कळतच नसे. 1996 मध्ये अमेरिकेतील नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात एडवर्ड कोलगेट आणि मायकेल पेश्किन यांनी 'कोबॉट'ची, म्हणजे माणसाच्या जोडीने काम करणाऱ्या रोबोची कल्पना मांडली. त्यांच्या मूळ कोबॉटमध्ये जोर माणसाचा असे, यंत्र फक्त दिशा सांभाळी. आज मात्र माणसाशेजारी चालणाऱ्या कोणत्याही हलक्या, स्वतःच्या मोटरवर फिरणाऱ्या यांत्रिक हातालाही कोबॉट म्हणतात. डेन्मार्कच्या युनिव्हर्सल रोबोट्स कंपनीने 2008 मध्ये असा हात बाजारात आणला.

हे काम किती नाजूक आहे, ते वस्तू हातात देताना दिसते. आपण कुणाला पाण्याने भरलेला पेला देतो तेव्हा समोरच्याची पकड बसल्याचे बोटांना जाणवते आणि आपली पकड हळूहळू सैल होते. पेला पडू न देण्याची जबाबदारी बहुतांशी देणाऱ्याची असते. रोबोला हे मुद्दाम शिकवावे लागते. मनगटातील संवेदकावरचा भार कमी होऊ लागला, की घेणाऱ्याने वस्तू पेलली असे तो समजतो. पकड लवकर सुटली तर वस्तू खाली पडते. उशिरा सुटली तर ओढाताण होते आणि माणूस पुढच्या वेळी हात पुढे करायलाच कचरतो.

शब्दांपेक्षा अशा खुणांवरच बरेचसे काम चालते. 'ते इकडे ठेव' या वाक्यातले 'ते' आणि 'इकडे' बोट आणि नजर पाहिल्याशिवाय उलगडत नाहीत. उलट बाजूने, रोबोचा बेतही माणसाला आधी दिसायला हवा. 2012 मध्ये आलेल्या 'बॅक्स्टर' रोबोच्या पडद्यावरचे डोळे, हात जिकडे जाणार तिकडे आधी वळत. उपाय साधा, पण नेमका.

सुरक्षिततेसाठी 2016 मध्ये आंतरराष्ट्रीय मानके ठरवणाऱ्या 'आयएसओ' या संस्थेचा 'आयएसओ/टीएस 15066' हा दस्तऐवज आला. माणूस जवळ येताच थांबणे, हाताने धरून चालवता येणे, अंतरानुसार वेग कमी करणे आणि धक्क्याचा जोर मर्यादित ठेवणे, अशा चार पद्धती त्यात आहेत. शरीराच्या 29 ठिकाणी किती दाब चालेल याचे तक्तेही दिले आहेत. अर्थात हात निरुपद्रवी असून भागत नाही. त्याने धारदार पाते धरले असेल, तर सगळा हिशेब नव्याने करावा लागतो.

विश्वासाचा प्रश्न याहून अवघड आहे. विश्वास कमी पडला तर माणूस रोबोचे काम पुन्हा स्वतः तपासत बसतो. जास्त झाला तर स्वतःच्या डोळ्यांवरचा भरवसा सोडतो. 2016 मध्ये अमेरिकेतील जॉर्जिया टेक या विद्यापीठातील संशोधकांनी एका इमारतीत धूर सोडून आगीचा बनाव केला. वाट दाखवणारा रोबो थोड्याच वेळापूर्वी चुकलेला काही सहभागींनी पाहिला होता. तरीही, ज्या दाराने आत आले ते ओळखीचे, फलक लावलेले दार सोडून लोक रोबोच्या मागे गेले.